सोबतीची होडी

आखात पोहून ओलांडायच्या स्पर्धेत एक नियम होता. पोहणाऱ्याच्या शेजारून एक होडी चालली पाहिजे आणि त्या होडीत त्याचं स्वतःचं माणूस पाहिजे. ते माणूस कोण असावं, हे नियमात कुठे म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे एका वर्षी एक बाई सासूला होडीत बसवून आली, तेव्हा कोणाला हरकत घेता आली नाही. कुजबुज मात्र झाली.

सून चाळिशीच्या अलीकडची. बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासायची. दुकानाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिथे घासायचं यंत्र, त्यावर पडणारी पाण्याची बारीक धार, पांढरा राडा वाहून नेणारी नळी आणि पाठ नसलेलं एक स्टूल. दिवसभर मान खाली. गिऱ्हाइकांना तिचं तोंड क्वचितच दिसायचं. तिला स्वतःला लांबचं जवळजवळ काहीच दिसत नसे. चष्मा उतरवला की समोर माणूस उभा आहे की खांब, हे तो हलेपर्यंत कळायचं नाही. पोहायच्या गॉगलमध्ये तिने आपल्या नंबरच्या काचा स्वतः घासून बसवल्या होत्या. तरी लाटेतून मान वर काढली की पलीकडचा किनारा म्हणजे पुसट पिवळी रेघ, एवढंच.

सासू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आळीत त्यांचं 'हॅलोबाई' हे नाव पडलं ते पडलंच. आवाज खणखणीत, शब्द न् शब्द सुटा. भाजीवाल्याशीसुद्धा त्या लाइन खराब असल्यासारख्या बोलायच्या आणि तो काय म्हणाला ते एकदा परत म्हणून खात्री करून घ्यायच्या.

या दोघींना जोडणारा माणूस, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, काही वर्षांपूर्वी बदली होऊन दुसऱ्या शहरात गेला होता. आधी दर शनिवारी यायचा. मग महिन्याकाठी. मग फोनवर. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय, हे दोघींना कोणी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही पडली नाही. एकदा जेवताना हॅलोबाई म्हणाल्या, "त्याचा नंबर बदललाय." सून "हं" म्हणाली आणि तिने ताटातलं संपवलं. त्या विषयावर दोघींचं त्या घरात झालेलं बोलणं ते एवढंच. पुढे सून माहेरी गेली नाही आणि हॅलोबाईंनीही तिला जा म्हटलं नाही. घर हॅलोबाईंच्या नावावर होतं. शेजारी म्हणायचे, नवरा सुटला आणि सासू पदरात पडली. दोघी सकाळी एकाच किटलीतला चहा घ्यायच्या आणि संध्याकाळी एकच बातम्या बघायच्या.

सून पोहायला लागली ती त्याच सुमारास. शाळेत असताना पोहायची, मग मध्ये सगळं राहून गेलं होतं. काचा घासून मान आखडायची, म्हणून डॉक्टरांनी पाण्यात जा म्हणून सांगितलं होतं. पहिले काही आठवडे ती धक्क्याजवळ, पोरं डुंबत तिथेच, कंबरेएवढ्या पाण्यात हात मारायची. मग दोरीने आखलेल्या हद्दीपर्यंत. मग हद्दीबाहेर. आखाताला दोन्ही बाजूंनी डोंगराच्या सोंडा होत्या. त्यामुळे आतलं पाणी बहुतेक दिवस परातीत ठेवल्यासारखं शांत असे. फक्त मध्यावर, आखाताच्या तोंडासमोर, बाहेरच्या समुद्राचं थंड पाणी एका पट्ट्याने आत शिरायचं. पोहणारे त्याला 'बर्फवाल्याची गल्ली' म्हणत.

आरपार पोहायचं तिने ठरवलं तेव्हा होडीत दुकानातली काउंटरवरची मैत्रीण बसणार होती. पण मैत्रिणीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी होडी बंद केली. सून घरी येऊन म्हणाली, "या वर्षी राहिलं."

हॅलोबाई गवार मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी वल्हवीन की."

"आई, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"पोहायचं तुला आहे. मला बसायचंय."

धक्क्याशेजारी उतारावर एका माणसाची पत्र्याची शेड होती. एकट्या-दुकट्याच्या लांबट होड्या, उभं राहून वल्हवायच्या फळ्या, शिडाच्या फळ्या असं सगळं तो भाड्याने द्यायचा आणि शिकवायचा. त्याला सगळे होडीवाला म्हणत. तो पाण्यात उतरलेल्या प्रत्येक बाईला ताई नाहीतर आजी म्हणायचा. हॅलोबाईंकडे त्याने पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आजी, पाण्यात पडलात तर?"

"हे जॅकेट काय शोभेला दिलंयस?"

त्याने त्यांना छातीएवढ्या पाण्यात नेलं आणि काही न सांगता होडी उलटी केली. हॅलोबाई खाली गेल्या, जॅकेटने वर आल्या, तोंडातलं खारं पाणी थुंकून केस मागे सारले. सून चष्मा काढून किनाऱ्यावर उभी होती. तिला फक्त नारिंगी ठिपका दिसत होता. आवाज मात्र स्वच्छ आला.

"आता दुसऱ्या बाजूने पाड. एकाच बाजूची सवय नको."

होडीवाल्याने त्या दिवसापासून त्यांना शिकवायला घेतलं. शिकायला त्यांना वेळ लागला. उजवा हात जोराचा असल्यामुळे होडी सारखी डावीकडे वळायची, आणि पहिल्या आठवड्यात त्या गिरणीच्या जात्यासारख्या जागच्या जागी फिरल्या. पुढे हाताला घट्टे पडले आणि होडी सरळ चालायला लागली. सून पोहायची, हॅलोबाई तिच्या डाव्या अंगाला राहायच्या, कारण सून श्वास डावीकडे घ्यायची. दर श्वासाला तिला होडीची लाल कड दिसे. ती कड दिसतेय तोवर आपण सरळ चाललोय, एवढंच तिला बघायचं होतं. ठरावीक वेळाने हॅलोबाई शिट्टी वाजवायच्या आणि दोरीला बांधलेली कोमट पाण्याची बाटली टाकायच्या. होडीला हात न लावता ती प्यायची.

होडीवाल्याने दोघींना शेडमध्ये बसवून एक गोष्ट नीट सांगितली. "थंडी आधी डोक्यात चढते. हात चालत राहतात, पण माणूस जागेवर नसतो. म्हणून दर थांब्याला काहीतरी विचारायचं. साधंच. उत्तर गडबडलं की हात लावायचा. हात लावला की स्पर्धा संपली, मग पंच कोणाचं ऐकत नाहीत."

"आणि आईंना उगाच वाटलं तर?" सुनेने विचारलं.

"तर उगाच संपेल. ते चालत नसेल तर ताई, तलाव आहेत ना."

सून हॅलोबाईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही उगाच लावणार नाही."

हॅलोबाई म्हणाल्या, "उगाच कशाला लावीन?"

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी हॅलोबाईंचा मुलगा आला. आधी कळवलं नव्हतं. अंगाने भरला होता, कानापाशी केस पिकले होते. दारात पादत्राणं काढताना तो थांबला आणि कुठे ठेवायची ते त्याने विचारलं. सून दुकानातून आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसला होता. तिने त्याला पाणी दिलं. तो "कशी आहेस" म्हणाला, ती "बरी आहे" म्हणाली.

जेवताना त्याने आईला सांगितलं. तिकडे बाळ होणार होतं. हाताशी घरचं माणूस हवं होतं. "तुझी खोली तयार आहे. सकाळचं ऊन येतं. लिफ्ट आहे." तो हे सगळं ताटाकडे बघून बोलला. सून आमटी वाढत होती. तिची पळी थांबली नाही.

"उद्या मला होडी वल्हवायचीय," हॅलोबाई म्हणाल्या. "परवा बोलू."

"तू? होडी?" तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

तो सोफ्यावरच झोपला. सून झोपायला जाताना त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून आली. हॅलोबाईंनी ते पाहिलं. सुनेने ते केलं हे बहुधा सुनेलाही कळलं नसावं.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा नव्हता, पण पाणी त्या वर्षी नेहमीपेक्षा गार होतं. धक्क्यावर थंडीसाठी अंगाला चरबी चोळलेली माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होती. पंचांनी नियम वाचले. मुलगा आला नव्हता. तो म्हणाला होता, पलीकडच्या किनाऱ्यावर येतो, गाडी घेऊन.

सुरुवात चांगली झाली. सून कधीच जोरात पोहणारी नव्हती, पण तिचे हात घड्याळासारखे पडायचे. बाकीचे पुढे गेले, काही मागे राहिले, पाणी मोकळं झालं. हॅलोबाई डाव्या अंगाला होत्या. पहिल्या थांब्याला त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"रविवार."

"दुकानाचा फोन नंबर?"

तिने सांगितला. हॅलोबाईंनी सवयीने परत म्हणून दाखवला. पुढच्या थांब्यालाही उत्तरं बरोबर आली. मग बर्फवाल्याची गल्ली लागली.

तिथे पाण्याचा रंगच वेगळा होता. हॅलोबाईंनी हात बुडवून बघितला आणि लगेच काढला. सुनेचे हात आता पूर्वीसारखे पडत नव्हते. डावा पाण्यात जाताना वाकडा जात होता. तिचं पुढे सरकणं कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. गस्तीची मोटरबोट एकदा जवळून गेली, बोटीवरच्या माणसाने अंगठा वर करून विचारलं, हॅलोबाईंनी अंगठा वर केला. गल्ली संपली. पाणी थोडं ऊबदार झालं. पलीकडची वाळूची पुळण आता स्पष्ट दिसत होती, वर तंबू होते, माणसं होती. हॅलोबाईंनी शिट्टी वाजवली. ती शेवटून दुसरी असावी, त्यांच्या हिशोबाने.

सुनेने बाटली धरली पण तोंडाला लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"आज वार कोणता?"

"रविवार." शब्द जाड आला होता.

हॅलोबाईंनी होडी जरा जवळ घेतली. "घरी कोण आहे?"

"हे."

उत्तर काही चुकीचं नव्हतं. मुलगा रात्री घरीच होता. हॅलोबाईंनी वल्हं आडवं ठेवलं.

"आणखी कोण?"

सून पाण्यात उभी तरंगत होती. गॉगलमधून तिचे डोळे दिसत नव्हते. ती हसली. हसू अगदी मोकळं होतं, हॅलोबाईंनी ते कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आणखी कोण असणार, आई. आपण तिघंच तर आहोत."

मग ती वळली आणि पुन्हा पोहायला लागली. दिशा बरोबर होती. हॅलोबाईंनी दोन वल्ही मारली, तिच्या खांद्याशी आल्या, वाकल्या, आणि तिचं मनगट धरलं.

सुनेने हात झटकला. त्यांनी सोडला नाही. होडी कलली. सुनेने डोकं वर काढलं, काय झालं ते तिला कळायला थोडा वेळ गेला. मग ती ओरडली, काय ओरडली ते हॅलोबाईंना कळलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने शिट्टी तोंडात धरली आणि मोटरबोट येईपर्यंत वाजवत राहिल्या.

पुळणीवरच्या तंबूत तिला ब्लँकेटात गुंडाळून ठेवलं. तिथल्या डॉक्टरने अंगातली उष्णता मोजली. कमी होती. "फार कमी होती का?" सुनेने विचारलं. तिचे दात वाजत होते. डॉक्टर म्हणाला, बाहेर काढून बराच वेळ झालाय, पाण्यात किती होती ते आता सांगता येणार नाही. "पोहून पूर्ण झालं असतं?" डॉक्टर म्हणाला, "झालंही असतं."

हॅलोबाई बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात ओलं जॅकेट तसंच होतं.

"मला तंबू दिसत होते," सून म्हणाली. "मला, जिला काही दिसत नाही तिला. पिवळे. दिसत होते."

"हो."

"मी काय चुकीचं बोलले? वार सांगितला. घरी कोण आहे ते सांगितलं. हे आले होते की नाही? आले होते ना?"

"आला होता."

"मग?"

"तुझे शब्द घोळत होते," हॅलोबाई म्हणाल्या.

मुलगा तेवढ्यात गाडी लावून आला. आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि तो गरम काहीतरी आणायला गेला.

त्यानंतर घरात जे घडलं त्याला भांडण म्हणता येत नाही. भांडणाला बोलावं लागतं. सून दुकानात जायची, यायची, स्वयंपाक करायची, हॅलोबाईंचं ताट वाढून ठेवायची आणि आपलं घेऊन खोलीत जायची. मुलाने रजा वाढवून घेतली होती. तो दोन्ही खोल्यांच्या मध्ये चपलांसारखा पडून असायचा. हॅलोबाईंनी एकदा दारात उभं राहून "अगं, ऐक" म्हटलं. सुनेने मागे न वळता विचारलं, "काय चुकीचं बोलले, ते सांगणार आहात?" हॅलोबाई परत गेल्या.

शेवटी त्यांनी बॅग भरली. जाताना म्हणाल्या, "गॅसचा नळ बंद करत जा. किल्ल्या शेजारी देऊ नकोस, विसरतात ते." सून गाडीपर्यंत आली, बॅग उचलून मागे ठेवली. सासूच्या पाया पडली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही, आणि तोही घाईत होता.

घर रिकामं झालं. सुनेला आधी बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण ज्या घरात एकटे राहतोय ते आपलं नाही, ज्यांचं आहे त्या नाहीत, आणि ज्याच्यामुळे आपण इथे आलो तो तर कधीचाच नाही. संध्याकाळच्या बातम्या ती आता लावत नसे. दुकानातून थेट धक्क्यावर जायची आणि हद्दीच्या आत दोरीलगत पोहायची. होडीशिवाय बाहेर जायला होडीवाला कोणालाच सोडत नसे.

एक दिवस तिने त्याला विचारलं. "तुम्ही असतात तर हात लावला असतात?"

तो एका फळीला पडलेली भेग लांबी लावून भरत होता. "मी नव्हतो तिथे."

"पण असतात तर."

"ताई, हात न लावल्यामुळे गेलेली माणसं मी पाहिलीत. उगाच लावल्यामुळे चिडलेलीही पाहिलीत. चिडलेली जास्त. कारण ती उरतात." त्याने लांबी बोटाने सारखी केली. "तुमचं काय होतं ते मला काय माहीत?"

तिचं यावर समाधान झालं नाही, पण तिने पुन्हा कोणाला विचारलं नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा एका सुट्टीच्या दुपारी फोन वाजला. ती उशांचे अभ्रे बदलत होती.

"हॅलो. ऐकू येतंय का?" हॅलोबाई म्हणाल्या.

"येतंय. बोला आई."

"मुलगी झाली. मंगळवारी. दोघी बऱ्या आहेत."

सून पलंगाच्या कडेला बसली. "बरं झालं," ती म्हणाली. ते तिने खरंच म्हटलं की रीत म्हणून, तिलाही सांगता आलं नसतं. "तुमची तब्येत?"

"हात दुखतात. बाळाने नाही, नुसतं बसून. इथे दहाव्या मजल्यावर आहे मी. खाली बघितलं की गाड्यांची छपरं." मग त्यांनी विचारलं, "तू पाण्यात जातेस?"

"जाते. दोरीच्या आत."

"हं."

"आई, मी काय बोलले होते?"

हॅलोबाईंनी या वेळी वेळ लावला नाही. बहुतेक तेच सांगायला त्यांनी फोन केला असावा. "मी विचारलं, घरी कोण आहे. तू म्हणालीस, हे. मी विचारलं, आणखी कोण. तू म्हणालीस, आणखी कोण असणार, आपण तिघंच तर आहोत. आणि हसलीस."

सुनेने मांडीवरचा अभ्रा दुमडला. मग उलगडला. 

"इतकंच?"

"इतकंच. मला वाटलं, ही इथे नाही. ही मागे कुठेतरी गेलीय. म्हणून धरलं. माझं चुकलंही असेल. आदल्या दिवशी तो आला होता, तांब्या ठेवला होतास, तेच डोक्यात असेल तुझ्या. माझ्याही डोक्यात तेच असेल. थंडीचं काय आणि बाकीचं काय, मला वेगळं करता आलं नाही."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तंबूत तो येतच होता, मग घरात सारखा समोर होता. त्याच्यासमोर तुझं ते बोलणं मी कसं काढणार?"

सुनेने अभ्रा उशीवर चढवला. रडल्याचा आवाज आला असता तर हॅलोबाईंना कळलं असतं. तसला आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी याल?"

"येईन. पण मी परत हात लावीन हां, वाटलं तर."

"लावा."

हिवाळा सरल्यावर हॅलोबाई आल्या. बॅग लहान होती. मुलाने स्टेशनवर गाडीत बसवून दिलं होतं आणि उन्हाळा संपायच्या आत परत ये म्हणून सांगितलं होतं. दोघींनी पुन्हा किटली चढवली. बाळाचे फोटो हॅलोबाईंनी दाखवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेने स्वतः मागितले. चष्मा कपाळावर सारून, फोन नाकाशी नेऊन, एकेक बघितला. "कपाळ तुमचं आहे," ती म्हणाली. हॅलोबाई म्हणाल्या, "देव तिचं भलं करो, नाक तरी घेऊ नये माझं."

पुन्हा सराव. होडी पुन्हा आधी डावीकडे वळली, मग सरळ झाली. होडीवाला म्हणाला, आजी, हात विसरला नाही. हॅलोबाई म्हणाल्या, "विसरला होता, मी रागावले त्याला."

स्पर्धेच्या दिवशी वारा सुटला. आखाताच्या आतसुद्धा पाण्यावर पांढरे फेस उठले आणि पंचांनी स्पर्धा रद्द केली. पुढची तारीख नाहीच. धक्क्यावर माणसं पंचांशी वाद घालत राहिली. त्यात सून नव्हती. ती टॉवेल गुंडाळून पायरीवर बसली होती. हॅलोबाई होडीवाल्याकडे गेल्या आणि त्याच्याशी काही बोलून आल्या.

वारा दोन दिवसांनी पडला. कामाचा वार होता. सुनेने दुकानातून रजा घेतली. होडीवाल्याने आपली मोटरबोट काढली आणि मागे अंतर ठेवून निघाला. बाकी पाण्यावर कोणी नव्हतं, शिडाच्या दोन फळ्या तेवढ्या लांब फिरत होत्या. पंच नाहीत, तंबू नाहीत. सून पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि हॅलोबाई डाव्या अंगाला आल्या.

त्या दिवशीही गल्ली गारच होती. तिथे सुनेचे हात पुन्हा वाकडे पडले. हॅलोबाईंनी थांबा लवकर घेतला, काय विचारायचं ते विचारलं, मिळालेलं उत्तर ऐकून घेतलं, आणि आणखी एक विचारलं. सून वैतागून म्हणाली, "आई, गार होतंय, विचारून झालं असेल तर जाऊ द्या." हॅलोबाईंनी बाटली ओढून घेतली. वैताग त्यांना ओळखता येत होता. वैतागलेलं माणूस जागेवर असतं.

पुळण जवळ आली तशी होडीवाल्याने इंजिन बंद केलं. सुनेचा गुडघा वाळूला लागला. ती उभी राहायला गेली आणि पडली, परत उभी राहिली. कोरड्या वाळूपर्यंत चालत गेली, तिथे बसली आणि गॉगल काढला. त्याचे वळ डोळ्यांभोवती उमटले होते. हॅलोबाईंनी होडी ओढून वर घेतली. वाळूवर एक म्हातारा आपला कुत्रा फिरवत होता. त्याने विचारलं, "कुठून आलात?"

"समोरून," सून म्हणाली.

त्याने समोर बघितलं, मान हलवली आणि पुढे गेला.

हॅलोबाईंनी तिच्या खांद्यावर कोरडा कोट टाकला, थर्मास उघडला आणि झाकण तिच्या दोन्ही हातांत धरवलं. मग स्वतः शेजारी बसल्या. त्यांच्या तळहाताला एक फोड फुटला होता, तो त्यांनी कोटाच्या टोकाने टिपला. होडीवाला दोन्ही होड्या घेऊन परत निघाला. तुम्हालाही नेतो म्हणाला होता, पण सुनेला आता बोटीत बसायचं नव्हतं.

दात वाजायचे थांबले तशी ती म्हणाली, "मी यांना कळवते. आता जे काय ते रीतसर करून टाकू. कागदपत्रं वगैरे."

"कर," हॅलोबाई म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल. कर तू."

"मग मी तिथे राहायचं कसं, तेही बघावं लागेल."

"ते घर माझं आहे. तिथे कोण राहतं ते मी बघीन." हॅलोबाई उठल्या, वाळू झटकली. "पुढच्या महिन्यात मी जातेय परत. ती पोर आता बसायला लागलीय, पडते मागच्या मागे. पुढच्या उन्हाळ्यात येईन इकडे. जमेल तसं."

वर रस्त्यावर बसथांबा होता. ओल्या केसांच्या दोघी बाया बघून ड्रायव्हरने भुवई उंचावली, पण दार उघडलं. सुनेने चष्मा लावला. बस आखाताला वळसा घालून जायची आणि वाटेत सगळीकडे थांबायची. हॅलोबाई खिडकीशी बसल्या आणि पहिल्याच वळणावर त्यांना झोप लागली. सून जागी राहिली. पाणी कधी घरांच्या मागे जात होतं, कधी दिसत होतं. घराजवळचा थांबा आला तेव्हा तिने सासूच्या दंडाला हात लावून त्यांना उठवलं.